एका पायाची गाडी

नवी गाडी घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी मृण्मयीनं शाळेच्या फाटकासमोर माझ्या पर्समध्ये उलटी केली.

"आई, तू सारखा ब्रेक का मारतेस?" तोंड पुसत तिनं विचारलं.

"मी ब्रेकला पायसुद्धा लावला नाही," मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

गाडी विजेची होती. गडहिंग्लजहून आजऱ्याच्या हायस्कूलमध्ये शिकवायला मी रोज ये-जा करायची, म्हणून किरणनं, माझ्या नवऱ्यानं, आग्रह करून ती घ्यायला लावली होती. शोरूममधल्या बाईंनी गाडी देताना एक बटण दाखवलं. ते शेवटच्या पायरीवर ठेवलं की गाडी एकाच पायानं चालते, म्हणाल्या. दाबलं की पळते, पाय काढला की आपली आपण मंदावते, शेवटी थांबतेसुद्धा. मंदावताना जी वीज तयार होते ती परत बॅटरीत जाते.

ऐकायला छान होतं. पण माझा पाय पंधरा वर्षं पेट्रोलच्या गाडीत वाढलेला. त्या गाडीत पाय काढला तरी गाडी पुढं जात राहायची. ही मात्र मागून कुणी पदर धरावा तशी थबकायची. मी दचकून परत दाबायची, ती उसळायची, मी घाबरून पाय उचलायची, ती पुन्हा थबकायची. अकरा वर्षांच्या मुलीच्या पोटात पोहे टिकणं शक्यच नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा तात्या अंगणातल्या कट्ट्यावर बसले होते. तात्या म्हणजे माझे वडील, मारुती शिंत्रे. चौतीस वर्षं त्यांनी कोल्हापूर ते मुंबई दुधाचे टँकर चालवले. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. सुरुवातीला आमची जुनी गाडी तेच चालवायचे, पण गेलं वर्षभर त्यांनी किल्लीला हात लावला नव्हता. क्लच दाबून डावा गुडघा धरतो, म्हणायचे. त्या वर्षात ते एकदम म्हातारे झाले होते. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी कट्टा.

मृण्मयीनं त्यांना उलटीची हकिगत रंगवून सांगितली. ते हसले नाहीत. उठून गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "किल्ली बघू."

"तात्या, तुमचा गुडघा?"

"हिला क्लच कुठाय?"

मी शेजारी बसले, मृण्मयी मागं. बटणाचं काय ते मी समजावून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "म्हणजे ब्रेकवर पाय न्यायलाच लागत न्हाई?" मी म्हणाले, अडीअडचणीला लागेल, एरवी नाही. त्यांनी मान डोलावली. संकेश्वर रस्त्याला आम्ही पाचेक किलोमीटर गेलो आणि वळून आलो. पहिले दोन धक्के बसले असतील. त्यानंतर गाडी कुठं मंदावली आणि कुठं पुन्हा धावायला लागली हे खिडकीबाहेर बघितल्याशिवाय कळत नव्हतं. घरासमोर ती थांबली तेव्हा मृण्मयी म्हणाली, "आजोबा, परत एकदा जाऊया?"

"तुम्हाला हे कसं जमलं?" मी विचारलं.

"दुधानं शिकवलंय," ते म्हणाले. "टँकर कधी तोंडापर्यंत भरून मिळत न्हाई. थोडी जागा उरतीच. त्या जागेत दूध हिंदकळतं. तू ब्रेक दाबलास की गाडी थांबती, दूध थांबत न्हाई. ते मागनं येऊन असं ढुसणी देतं की उभी गाडी हातभर पुढं सरकती. म्हणून आम्ही ब्रेकच्या नादाला लागायचो न्हाई. कुठं थांबायचं ते लांबनंच ठरवायचं, आणि तिथवर पाय थोडा थोडा काढत यायचं. तू पाय उचलतीस, वैजू. उचलू नको. काढत ये."

दुसऱ्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. रोज शाळेतून आल्यावर अर्धा तास. तात्या शेजारी, आणि परीक्षक म्हणून मृण्मयी मागं गोष्टीचं पुस्तक घेऊन. तिला चालत्या गाडीत वाचता आलं तर मी पास.

"समोर काय दिसतंय?" तात्या विचारायचे.

"गतिरोधक."

"मग अजून पाय तिथंच का? तो गतिरोधक जवळ यायची वाट बघतीस व्हय?"

पहिले चार दिवस मृण्मयी दुसऱ्या ओळीतच पुस्तक मिटायची. आठव्या दिवशी तिनं तीन पानं वाचली. दोन आठवड्यांनी ती वाचता वाचता झोपून गेली. तेव्हा तात्यांनी माझ्याकडं न बघता नुसती मान हलवली. त्यांच्याकडून यापेक्षा जास्त कौतुक मला कधी मिळालेलं नव्हतं.

पण त्या गाडीनं खरं बदललं ते तात्यांना. ते पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालायला लागले. मृण्मयीला तबल्याच्या क्लासला सोडणं-आणणं त्यांनी आपल्याकडं घेतलं. बाजारहाट तेच करू लागले. कट्ट्यावरच्या दोस्तांना बसवून फेरी मारून आणायचे आणि वर ऐकवायचे, "एका पायाची गाडी आहे. दुसरा पाय घरी ठेवून आलं तरी चालतं." किरणला तर ते म्हणाले, असली गाडी वीस वर्षं आधी निघाली असती तर मी रिटायरच झालो नसतो. घरात त्यांची शीळ ऐकू यायला लागली. आई गेल्यापासून ती बंद होती.

बारीकसारीक गोष्टी मला दिसत होत्या, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. उन्हातसुद्धा ते नाडीचे बूट घालायला लागले होते. मी विचारलं तर म्हणाले, ड्रायव्हरनं बूट घालावेत. त्याआधी एकदा पावसाळी चिखलातून ते घरात आले तर उजव्या पायात चप्पलच नव्हती. ती अंगणात रुतून बसली होती. "तात्या, लक्ष कुठाय तुमचं?" मी म्हणाले. त्यांनी खाली पायाकडं पाहिलं आणि हसले, पण जरा उशिरानं.

फेब्रुवारीत हौसाआत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. आत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण. आंबोलीत एकटीच राहते, मुलगा गोव्याला नोकरीला. मोतीबिंदू पिकला होता आणि सावंतवाडीच्या डॉक्टरांनी सोमवारी सकाळी अकराला बोलावलं होतं. मी दोन दिवसांची रजा टाकली. रविवारी संध्याकाळी तात्या आणि मी आंबोलीला पोचलो. मृण्मयी तिच्या बाबांजवळ राहिली.

गाडी रात्रभर आत्याच्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या प्लगला लावली. वायर खिडकीतून बाहेर सोडली. आत्या एका डोळ्यानं त्या वायरीकडं बघत म्हणाली, "म्हस पाणी पितीया तशी पितीया गं ही. बिल कुणी भरायचं?"

"मारुती शिंत्रे भरतील," तात्या म्हणाले.

सकाळी पडद्यावर आकडा आला होता शंभर टक्के. मी अगदी खूश झाले. गाडी घेतल्यापासून इतकी पूर्ण मी ती कधी भरलीच नव्हती. घरी ऐंशीवर पोचली की वायर काढून ठेवायची, एवढं पुरायचं.

आत्याला मागं बसवलं. तात्या गाडीजवळ आले आणि दार उघडून थांबले.

"घाट तू घेतीस का?" ते म्हणाले. "सवय होईल."

"नको हो. घाटात मी कधी चालवलेली नाही, आणि मागं आत्या आहे. तुम्हीच घ्या."

त्यांनी एकदा मागं आत्याकडं पाहिलं. मग बसले. बसताना त्यांनी उजवा पाय हातानं धरून आत घेतला, ते मी पाहिलं. गुडघा दुखत असेल असं मला वाटलं. दुखरा गुडघा डावा होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

गावातून बाहेर पडताना ते म्हणाले, "आज गाडी जरा मोकळी सुटलीय."

"शंभर टक्के भरलीय ना," मी म्हणाले. मला ते कौतुकाचं वाटलं.

घाट सुरू झाला. पहिलं वळण सहज गेलं. दुसऱ्या वळणाआधी मी तात्यांच्या पायाकडं सहज पाहिलं, शिकवणीच्या सवयीनं. पाय काढलेला होता. पण गाडी मंदावत नव्हती. रोज मागून धरणारा तो हात आज नव्हताच. पडद्यावरचा आकडा चाळीसचा त्रेचाळीस झाला, सेहेचाळीस झाला.

"तात्या, वेग जास्त होतोय."

"बघतोय."

पन्नासवर आम्ही ते वळण घेतलं. मागं आत्या दारावर आदळली आणि "हळू रं," म्हणाली. समोर सरळ उतार होता, त्यापुढं वळण, आणि वळणावरून चिऱ्यांनी भरलेला ट्रक वर येत होता.

"ब्रेक दाबा, तात्या."

"दाबलाय," ते म्हणाले.

गाडी थांबत नव्हती. आणि मग मी जे पाहिलं ते मला आजही सगळ्यात आधी आठवतं. तात्यांनी खाली मान घालून आपल्या पायाकडं पाहिलं. चौतीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, चालत्या गाडीत, घाटात, पाय कुठं आहे ते शोधत होता. मीही पाहिलं. बुटाचं टोक ब्रेकच्या पट्टीखाली अडकलं होतं. ते सगळा जोर लावून जमीन दाबत होते.

त्यांनी मान वर केली. आवाजात काहीही फरक नव्हता.

"वैजू, हँडब्रेक धर. टोकाचं बटण दाबूनच ठेव, सोडू नको. आता ओढ. हळू. एकदम ओढलास तर मागची चाकं घसरतील."

माझ्या डाव्या बाजूला डोंगर होता, उजवीकडं दरी. दोघांच्या मधला तो दांडा मी दोन्ही हातांनी धरला.

"अजून. अजून थोडा. आता सोड थोडा. परत ओढ."

ते एका हातानं हॉर्न देत होते, दुसऱ्या हातानं गाडी डोंगराच्या अंगाला घेत होते. ट्रकवाल्यानं आमची गडबड ओळखली असावी. तो पलीकडं दबून उभा राहिला. डावी चाकं कडेच्या चरीत उतरली, मातीला घासली, खडखड झाली. मी दांडा शेवटपर्यंत ओढला. गाडी तिरकी होऊन उभी राहिली. वळण वीस-पंचवीस पावलांवर होतं.

"मागं कुणी येतंय का बघ," तात्या म्हणाले. "आणि चारी दिवे लाव."

मी दिवे लावले. ट्रकवाला खिडकीतून डोकावला, काय झालं म्हणून विचारलं. तात्यांनी हातानंच ठीक आहे म्हणून खुणावलं. तो गेला.

"का रं थांबलास?" आत्यानं मागून विचारलं. "काही आडवं आलं काय?"

तात्यांचे दोन्ही हात अजून स्टेअरिंगवर होते.

मी उतरले आणि वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले. दार उघडलं. त्यांनी दोन्ही हातांनी उजवी मांडी धरली, पाय उचलला आणि बाहेर ठेवला, बाजाराची पिशवी ठेवावी तसा.

"काय झालंय पायाला?"

"पाय आहे," ते म्हणाले. "पण मला तो सापडत न्हाई."

"कधीपासून?"

"अडीच वर्षं झाली. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग मुंग्या पण यायच्या बंद झाल्या."

त्यांना साखरेचा आजार होता, गोळ्या चालू होत्या, ते मला माहीत होतं. एवढंच माहीत होतं. मी त्यांच्यासमोर उभी राहून एकेक गोष्ट जुळवत गेले. डाव्या गुडघ्याचं दुखणं खोटं होतं. उजव्या पायाला ॲक्सिलरेटर आणि ब्रेक यांतला फरक कळेनासा झाला म्हणून त्यांनी जुनी गाडी सोडली होती. आणि मग ही आली. हिच्यात पाय एकाच जागी ठेवला, गुडघ्यानं आणि मांडीनं दाब दिला की भागत होतं. बाकी गाडीच सांभाळून घेत होती. चपलेचं, बुटांचं, त्या उशिरा हसण्याचं, सगळ्याचं उत्तर मला त्या चरीत उभं राहून मिळालं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आठवलं.

"मृण्मयीला घेऊन जात होतात तुम्ही."

त्यांनी बुटाची नाडी चाचपली.

"रोज, तात्या."

"गावातल्या गावात. वीस-पंचवीसच्या वर कधी नेली न्हाई."

"तात्या."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "रोज निजताना ठाऊक असायचं. उद्या सांगायचं ठरवायचो. संध्याकाळी ती क्लासची पिशवी घेऊन गाडीजवळ उभी असायची, आणि मी विसरायचो. विसरायचो म्हणजे... विसरत नव्हतो." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुला काय बोलायचं ते बोल."

मला खूप बोलायचं होतं. इतकी चिडले असताना मी कधीच गप्प बसलेली नाही. पण शब्द जुळवताना माझी नजर त्यांच्या बुटाकडं गेली. तळाशी काहीतरी चमकत होतं. मी खाली बसले.

बाभळीचा काटा होता, बुटाच्या तळातून घुसलेला. बुडखा तेवढा बाहेर राहिला होता. मी नाडी सोडून बूट ओढला. काटा आरपार गेला होता, त्याचं टोक पावलातच मोडून राहिलं होतं. मोजा पावलाला चिकटून कडक झाला होता आणि त्याला वास येत होता.

"हा कधी लागला?"

तात्या वाकून बघत राहिले, दुसऱ्याच कुणाचा पाय बघावा तसे. "काल दुपारी बांधावर गेलो होतो. त्याच्या आधीचा पण असेल."

एव्हाना आत्या काच खाली करून, एका डोळ्यानं जमेल तेवढं बघत होती. तिला आम्ही काही सांगायची गरज पडली नाही.

"आमच्या बाचं असंच झालतं," ती म्हणाली. आवाजात रागाचा लवलेश नव्हता. "मिरजंला नेऊन गुडघ्यातनं पाय काढला. मारुती तवा नववीत हुता. डॉक्टराचं तोंड बघायला नको म्हणून गप बसला असंल, हुय रं?"

"गेलो असतो तर काढलाच असता," तात्या म्हणाले.

"न जाऊन वाचला काय?"

सकाळचे साडेआठ झाले असतील. दरीतून ऊन वर येत होतं आणि एकामागून एक गाड्या आमच्याकडं बघत पुढं जात होत्या. मी उकिडवीच बसले होते, त्यांचं पाऊल हातात धरून. ते गरम होतं. मी अंगठ्यानं तळवा दाबला, आणखी जोरात दाबला. तात्या माझ्या चेहऱ्याकडं बघत होते. मी दाबतेय हे त्यांना फक्त दिसत होतं.

राग गेला नाही. पण तो बोलून दाखवायची इच्छा गेली.

आत्यानं तिच्या पिशवीतलं स्वच्छ पातळ काढून दिलं. त्याची पट्टी फाडून मी पाऊल बांधलं. काट्याला हात लावला नाही. जे काय करायचं ते डॉक्टर करतील. मग मी पुस्तिका काढून वाचली, जी गाडी घेतल्यापासून कप्प्यात पडून होती. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर उतारावर तयार होणारी वीज साठवायला जागा उरत नाही. अशा वेळी पाय काढल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावणार नाही, ब्रेक वापरावा. स्पष्ट लिहिलं होतं. गाडीत काहीच बिघडलेलं नव्हतं.

"आता?" मी म्हणाले.

"आता तू चालवायचीस," तात्या म्हणाले. "मी शेजारी बसतो."

"मला नाही जमणार."

"तुझे दोन्ही पाय शाबूत आहेत. जमंल."

पहिल्यांदा गाडी चरीतून बाहेर काढायला मला पाच मिनिटं लागली. मग उतार. माझ्या पायाला आता काढत यायची सवय झालेली, आणि ती इथं बिनकामाची. तात्यांनी एकदाही आवाज चढवला नाही.

"ब्रेक धरून ठेवू नको, तापतो. दाब, सोड. वळणाच्या आधी दाब. वळणात नको. हां. आता सोड."

ते रस्त्याकडं बघत होते, माझ्याकडं नाही. बांधलेला पाय पुढं पसरलेला, हात मांडीवर. माझ्या प्रत्येक वळणाआधी त्यांची उजवी मांडी किंचित हलायची. पाय मात्र जिथल्या तिथं पडून असायचा. दाणोलीपर्यंत पोचायला आम्हाला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. खाली सपाटीवर आल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि दोन मिनिटं स्टेअरिंगवर डोकं टेकून बसले. आत्यानं मागून पाण्याची बाटली पुढं केली.

अकराला आत्या ऑपरेशनला गेली. त्याच वेळी पलीकडच्या गल्लीतल्या सर्जनसमोर तात्या पाय पसरून पडले होते. मी हट्टानं आत थांबले. काटा निघाला, त्याच्यामागून बरंच काही निघालं. डॉक्टर तरुण होते, पण बोलणं रोखठोक. "आणखी दोन दिवस गेले असते, आजोबा, तर मला तुमच्याशी वेगळं बोलावं लागलं असतं," ते म्हणाले. पुढं कोल्हापूरला करंगळी काढावी लागली. तेवढ्यावर निभावलं. आता त्याला चार वर्षं झाली. तात्या खास करून घेतलेले मऊ बूट घालतात, रोज रात्री मृण्मयी त्यांच्या तळव्यांची टॉर्च लावून तपासणी करते. तिला त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं, मला मध्ये पडू दिलं नाही. ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन आली.

पण ते सगळं नंतरचं.

सावंतवाडीत आम्ही दोन दिवस राहिलो, एका लॉजवर. बुधवारी दुपारी परत निघालो. आत्याला काळा चष्मा, म्हणून तिला पुढं बसवलं. तात्यांना पाय वर ठेवायला सांगितलं होतं, म्हणून ते मागच्या सीटवर आडवे. माझ्याशी ते त्या दोन दिवसांत कामापुरतंच बोलले होते, आणि मीही. घाट चढायला लागलो तेव्हा मला वाटलं, आता मागून सूचना सुरू होतील. काही आलं नाही. ती चरीची जागा मागं पडली. तिघांपैकी कुणीच तिकडं पाहिलं नाही, निदान मी तरी नाही.

घाट संपता संपता आत्या हळूच म्हणाली, "झोपला गं."

मी आरशात पाहिलं. तात्यांचं तोंड किंचित उघडं होतं, हात छातीवर.

"दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत हा कधी डोळा मिटत न्हाई," आत्या म्हणाली. "माझ्या लग्नाचं वऱ्हाड ट्रकनं गेलं, गारगोटीपास्नं इथवर. सगळी झोपली. ह्यो सोळा वर्सांचा, रातभर डायव्हरशेजारी बसून रस्ता बघत हुता. टँकरवर दोघं डायव्हर असायचं, तवा पण ह्याला झोप लागायची न्हाई म्हणून तुझी आई सांगायची."

आंबोलीच्या सपाटीला लागल्यावर आत्याच्या घराचं वळण बरंच लांबून दिसायला लागलं. मी तिथूनच पाय कमी करत आणला. रस्ता सोडून लाल मातीच्या वाटेला लागलो, फणसाखाली आलो, आणि गाडी उभी राहिली.

आत्यानं दाराच्या कडीला हात घातला. मी तो धरला. तिनं मागं वळून पाहिलं आणि परत टेकून बसली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. अर्धा तास असेल, जास्तही असेल. शेजारच्या घरातली बाई विचारपूस करायला येत होती, तिला आत्यानं खिडकीतून हात करून परत पाठवलं. तिच्या काळ्या चष्म्याखालून पाणी येत होतं. डॉक्टरांनी डोळा ओला होऊ द्यायचा नाही म्हणून सांगितलं होतं, ते मी तिला हळूच आठवून दिलं. ती "हूं" म्हणाली आणि पुसलं.

मागं हालचाल झाली. तात्या कोपरावर उठले, फणसाकडं बघितलं, घराकडं बघितलं.

"पोचलो व्हय?" ते म्हणाले. "थांबलेली कळलीच न्हाई."